रोबोट घेण्याआधी फिक्स्चर बघा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, छोट्या कारखानदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे. रोबोट घ्या, अवश्य घ्या. पण आधी पैसा कुठे घालायचा, तो क्रम चुकवू नका: आधी फिक्स्चर, म्हणजे जॉब (ज्यावर काम करायचं तो भाग) दर वेळी एकाच जागी घट्ट धरणारी चौकट.

वेल्डिंगचंच बघा. चांगला वेल्डर दोन पत्र्यांमधली फट बघत बघत टॉर्च चालवतो. फट वाढली की हात किंचित हलवून भरतो, कमी झाली की पुढे सरकतो. कटिंगची आणि बेंडिंगची चूक तो मुकाट्याने पोटात घालतो. साध्या रोबोटला हे येत नाही. शिकवलेल्या जागी तो दर वेळी ±0.05 मिमीच्या आसपास येऊन थांबतो, पण जॉबच त्या जागी नसेल तर काय उपयोग? वितळून सांधा भरणारी वायर 1.2 मिमीची आणि फट अर्ध्या मिलिमीटरच्या वर, की कुठे आरपार भोक पडतं, कुठे वेल्डची शिवण एकाच पत्र्यावर चढते. बेंडिंगमध्ये एक अंश चुकला तर 100 मिमीच्या बाजूला टोकाशी पावणेदोन मिमीचा फरक पडतो. आणि बोल लागतो रोबोटला!

म्हणून आधी फिक्स्चर. लोकेटिंग पिना, म्हणजे जॉबची जागा ठरवणाऱ्या खुंट्या, हार्डन केलेल्या आणि झिजल्या की बदलता येतील अशा हव्यात. क्लॅम्प शिवणीजवळ हवेत, पण टॉर्चच्या वाटेत नकोत. जॉबच्या बैठकीवर स्पॅटरचा, म्हणजे वेल्डिंगमध्ये उडालेल्या धातूचा, एक दाणा राहिला तरी पुढचा जॉब तिरका बसतो, त्यामुळे तिथे आडोसा आणि दर काही जॉबनंतर हवेचा फवारा. टॉर्चच्या टोकाशी वायर ज्यातून बाहेर येते त्या काँटॅक्ट टिपचं भोक झिजलं की वायर डोलते आणि शिवण सरकते. टिप ठरलेल्या तासांनी बदलायची, बिघडायची वाट बघायची नाही.

मालातले दोष शोधणाऱ्या एआय कॅमेऱ्याचंही तेच, फक्त तिथे फिक्स्चरच्या जागी उजेड येतो. 100 मिमी रुंदीचा भाग 2000 पिक्सेलमध्ये आला तर एक पिक्सेल 0.05 मिमीचा. ओरखडा भरवशाने ओळखायला तीन-चार पिक्सेल लागतात, म्हणजे 0.2 मिमीपेक्षा बारीक ओरखड्याची आशा धरू नका. पट्टा सेकंदाला 200 मिमी धावतोय आणि एक्सपोजर, म्हणजे फोटोसाठी कॅमेरा उघडा राहण्याचा वेळ, 1 मिलिसेकंद असेल, तर तेवढ्यात जॉब 0.2 मिमी सरकतो आणि हवा तोच ओरखडा पुसट होतो. एक्सपोजर कमी करायचं तर उजेड वाढवावा लागतो. दुपारी शटरमधून ऊन आलं की तेलाचा थर चमकतो आणि चांगला माल रिजेक्टमध्ये जातो. मग वैतागून कुणीतरी मर्यादा सैल करतं, आणि खराब माल गिऱ्हाइकाकडे पोचतो. घुमटासारखा पसरट उजेड, चहूबाजूंनी बंद पेटी, आणि शिफ्टच्या सुरुवातीला जपून ठेवलेले सदोष नमुने कॅमेऱ्याखाली फिरवून तपासणी, एवढं तरी हवंच.

आणि वेल्डरला काढू नका. पेंडंटची, म्हणजे रोबोटला शिकवायच्या हातातल्या पॅनेलची, बटणं शिकता येतात. करंट किती, टॉर्चचा कोन कसा, धातू कुठे वाहील ही जाण विकत मिळत नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते कारागिराला तंत्र शिकवायलाच. त्या बडोद्यात वेल्डरला रोबोट शिकवायला कारखान्याने हात आखडता घेऊ नये.

ऑर्डर देताना एक अट लिहूनच घ्या: ट्रायल तुमच्या रोजच्या ट्रॉलीतल्या न निवडलेल्या जॉबवर, दोन्ही शिफ्टच्या मालावर. विक्रेत्याने घासूनपुसून आणलेल्या नमुन्यावर सही करू नका.