रॉक स्लायडर उर्फ पायरी

माझ्या मारुती जिप्सीला रॉक स्लायडर लावून घ्यायचे, हे मी घरात कुणालाही न विचारता ठरवलं. बायकोने नंतर एवढंच विचारलं, "अरे, पण रॉक कुठे आहे?"

आम्ही राहतो मुलुंडला. इथे कातळासारखं घट्ट आणि जागचं न हलणारं जे काही आहे, ते सोसायटीच्या कमिटीत बसलेलं आहे. पण आम्ही चारपाच मित्र पावसाळ्यात कर्जत-मुरबाडकडे गाड्या घेऊन ओढ्यानाल्यांत घुसतो, आणि तिथे धोंडे असतात. मी तिला रीतसर समजावलं. जिप्सीचा खालचा सांगाडा शिडीसारखा असतो, त्याला चॅसी म्हणतात. वरची बॉडी रबराच्या गुट्ट्यांवर बोल्टने बसवलेली. दरवाज्याखालचा पत्र्याचा काठ म्हणजे सिल. पुढचं चाक धोंड्यापलीकडे गेलं आणि मागचं अजून अलीकडेच असलं, की धोंडा नेमका सिलला भेटतो. सिल चेपली की दरवाजा उघडत नाही. म्हणून चॅसीलाच बाहेरून जाड पाइप वेल्ड करायचा, तोच रॉक स्लायडर. मग गाडीचं सगळं वजन त्या पाइपवर येतं आणि गाडी धोंड्यावरून घसरत पुढे जाते.

"म्हणजे पायरी," आई आतून म्हणाली.

"पायरी नाही गं. पायरी बॉडीला लावतात, ती दगडावर आपटली की उलट सिलमध्येच घुसते."

"बरं. पण तिच्यावर पाय ठेवता येईल ना?"

खरं तर माझ्या गाडीची सिल धोंड्याची वाट बघत थांबलेलीच नव्हती. पंधरा वर्षं उलटलेली गाडी आणि मुंबईची खारी हवा. डाव्या बाजूला बोट लावलं तर पत्र्याचा पापड मोडावा तसा तुकडा हातात येत होता. ही गोष्ट मी घरात सांगितली नव्हती.

तयार स्लायडर मिळतात. त्यांची किंमत ऐकल्यावर आपण स्वतः बनवण्यात जो आनंद असतो तो विकत घेण्यात नाही, हे मला पटलं. मशीद बंदरला लोखंडाच्या बाजारात गेलो आणि पाइप मागितला.

"कुठला क्लास?" दुकानदाराने विचारलं.

इतक्या वर्षांची लोकलच्या पासाची सवय. "सेकंड," मी म्हणालो.

त्याने मान वर करून पाहिलं. मग कळलं की पाइपात ए, बी आणि सी असे क्लास असतात आणि सी सगळ्यांत जाड. सी क्लासला मान देणारी मुंबईतली ही एकच जागा असावी. दीड इंची म्हणून जो पाइप देतात, तो बाहेरून मोजला तर 48.3 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन इंच भरतो. हे मी त्याच्या नजरेला आणून दिलं. "साहेब, नाव दीड इंची आहे," तो म्हणाला, आणि विषय संपला. सी क्लासच्या पत्र्याची जाडी 4 मिलिमीटर. चकचकीत गॅल्व्हनाइज्ड घ्यायचा मोह होतो, पण त्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेलेल्या माणसाला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. मी काळा घेतला. 20 फुटी पाइप, वजन साधारण 26 किलो. तिथेच पाच-पाच फुटांचे चार तुकडे करून घेतले.

टेम्पोवाल्याने भाडं सांगितल्यावर मी लोकलने जायचं ठरवलं.

मशीदहून भांडुप, स्लो गाडी, लगेजचा डबा. चार पाइप सुतळीने बांधून मधोमध उभे धरले आणि दाराशेजारी उभा राहिलो. भायखळ्याला गर्दी आत आली. दादरला एका गृहस्थांनी सहज हात वर करून माझे पाइप धरले. मला वाटलं मदत करतायत. मग लक्षात आलं, ते पाइप धरून पेपर वाचतायत. कुर्ल्याला आणखी दोघांनी धरले. घाटकोपरपर्यंत सहा हात झाले होते आणि त्या सगळ्यांचा तोल मी एकटा सांभाळत होतो. भांडुप आल्यावर मी "उतरायचंय" म्हणालो तर पेपरवाले गृहस्थ चिडले, "अहो, मग हे काढताय कशाला?"

भांडुपला एलबीएस मार्गाजवळच्या एका गाळ्यात मिस्त्री काम करतात. मूळचे चिपळूणकडचे. अर्ध्या भांडुपच्या खिडक्यांची ग्रिलं त्यांच्या हातची. मी वहीत काढून आणलेलं चित्र त्यांनी बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं.

"पायरी ना?"

"स्लायडर."

"तेच. मधल्या जागेत कमळ टाकू? की नुसत्या कळ्या?"

कळ्या नकोत हे पटवण्यात दहा मिनिटं गेली. बाहेरचा पाइप जरा वर उचललेला हवा, हे पटवण्यात पुढची वीस. "वर उचललात तर माणूस घसरेल," हे त्यांचं म्हणणं. "दगड घसरायला पाहिजे," हे माझं. शेवटी ते पोऱ्याला म्हणाले, "साहेब म्हणतात तसं कर. पाय त्यांचा आहे."

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची असते, नाहीतर गाडीच्या इलेक्ट्रॉनिक डब्यात करंट शिरून तो जळू शकतो. ती मीच काढली. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या जवळ, घासून चमकवलेल्या लोखंडावर लावायला लावला. आणि मुख्य म्हणजे, चॅसीच्या कडेने पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जाते, ती मिस्त्रींना खाली वाकून दाखवली. त्यांनी पाहिली. म्हणाले, "काय होत नाही." मुंबईत ज्या वाक्यानंतर हमखास काहीतरी होतं, ते हेच.

म्हणून नळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं आणि मी बादली घेऊन उकिडवा बसलो. मिस्त्रींनी 6 मिलिमीटरची प्लेट चॅसीला टेकवली, काच डोळ्यांपुढे धरली, रॉड टेकवला. निळा झगझगाट, ठिणग्या, आणि दुसऱ्या मिनिटाला चॅसीतून काळाकुट्ट धूर. आधीच्या मालकाने गंजाविरुद्ध डांबरासारखं काहीतरी फासून ठेवलं होतं, ते पेटलं. ज्योत वितभरसुद्धा नसेल. मी पूर्ण बादली ओतली. ज्योत विझली, मिस्त्री भिजले. त्यांनी काच खाली केली, चेहऱ्यावरचं पाणी पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोऱ्या, साहेबांना चहा आण. लांबच्या टपरीवरून आण. साहेबांना बरोबर ने."

परत आलो तोवर ते ठिकाण घासून स्वच्छ केलं होतं आणि डाव्या बाजूचं सगळं टाके मारून झालं होतं. मी चार पावलं मागे जाऊन पाहिलं. स्लायडर वाकडा होता. मागच्या बाजूला सरळ इंचभर खाली.

"वाकडा?" मिस्त्रींना ते लागलं. त्यांनी लेव्हल आणून पाइपवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यात. "बघा."

मी सिलकडे बोट दाखवलं. मग आम्ही दोघांनी जमिनीकडे पाहिलं. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून गाळ्याच्या लादीला दाराकडे उतार होता. स्लायडर पृथ्वीशी अगदी समांतर होता, फक्त गाडीशी नव्हता.

"मग गाडी वाकडी उभी केली म्हणा ना," मिस्त्री म्हणाले आणि कटर चालू केला.

दुसऱ्यांदा त्यांनी सिलपासून टेपने मोजून लावला, आणि मग मात्र त्यांचा हात बघत बसावा असा चालला. लाल तापलेली शिवण थंड होत काळी पडायची. वर चढलेली खपली ते हातोडीने टकटक करून उडवायचे, आणि खालून माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली चंदेरी शिवण निघायची. ती बघण्याच्या नादात मी जे बघायचं नसतं ते, म्हणजे उघड्या डोळ्यांनी रॉडकडे, तीनचारदा बघितलं. रात्री दोन वाजता डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं झालं. आईने काकडीच्या चकत्या ठेवल्या. "पायरीपायी डोळे घालवलेस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रेड ऑक्साइड, वर काळा रंग. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम, म्हणजे कंपनीने दिलेल्या गाडीत कुठपर्यंत फेरफार करता येतात ते, मला नेमकं रंग वाळताना आठवलं. 2017 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने बुल बारवर, म्हणजे गाडीच्या पुढे लावतात त्या लोखंडी दांड्यांवर, कारवाई करायला सांगितलं तेव्हा मी बंपरवरचा काढून टाकला होता, ही माझी पुण्याई. तरी तेव्हापासून नाक्यावर हवालदार दिसला की मी उगीचच हसतो.

पुढच्या रविवारी कर्जतकडे गेलो. ओढ्यात हवे तसे धोंडे होते. आणि काय सांगू, त्यातल्या एकालाही मी स्लायडर टेकू दिला नाही. रंग नवा होता. मित्र गाड्या घासत, आपटत वर चढत होते. मी खाली उतरून, धोंडे मोजून, मित्राला हाताने दिशा दाखवायला लावून, पुन्हा बसून, इंचाइंचाने त्यांना वळसा घालत होतो. संध्याकाळी गाडी चिखलाने भरलेली आणि स्लायडर आरशासारखे.

मुलुंडला पोचलो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेहमीसारखं वळण घेतलं आणि खर्रर्र आवाज झाला. स्लायडर दोन्ही बाजूंना चार बोटं बाहेर आले होते, आणि माझं वळण अजून जुन्याच मापाचं होतं.

टचअपला भांडुपला गेलो. मिस्त्री उकिडवे बसले, ओरखड्यावरून अंगठा फिरवला. पाइपला पोचा नव्हता, शिवण हललेली नव्हती. त्यांना बरं वाटलं.

"डोंगरात लागलं?"

"हो," मी म्हणालो. "कर्जतच्या पुढे. मोठा धोंडा होता."

त्यांनी नखाने ओरखड्यातून रंगाची एक खपली काढली, तळहातावर घेतली आणि उजेडात धरून माझ्यासमोर केली.

"धोंड्याला पिवळेकाळे पट्टे होते वाटतं."