'म्युच्युअल फ्रेंड' चूक? जरा थांबा

नमस्कार,

माझ्या लेखातल्या 'म्युच्युअल फ्रेंड'वर तुम्ही आक्षेप घेतलात. उत्तराला चार दिवस लावले, कारण पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर ते चारचौघांत ठेवण्यासारखं झालं नसतं. तुमचं म्हणणं असं की 'म्युच्युअल' म्हणजे परस्पर, म्हणून 'म्युच्युअल फ्रेंड' हा प्रयोग चूक, तिथे 'कॉमन फ्रेंड'च हवं. आणि वर, "दुसऱ्यांना शिकवण्याआधी स्वतः शब्दकोश उघडावा."

हे शेवटचं वाक्य गरजेचं होतं का? चूक दाखवा, पण ती कान पिळूनच दाखवायची असते का? २२ वर्षं इंग्रजी शिकवतेय मी. मराठी माध्यमातून आले, आणि कॉलेजात याच 'म्युच्युअल'चा उच्चार अडखळला म्हणून सगळा वर्ग हसला होता. शब्दकोश मी तेव्हाच घेतला. त्याची पानं आता सुटायला आलीत.

त्यात या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, दोघांना एकमेकांबद्दल वाटणारं: म्युच्युअल रिस्पेक्ट. (आपल्यात तूर्त तो एकतर्फी चाललाय, असो.) दुसरा, दोघांना सामाईक असलेलं: म्युच्युअल फ्रेंड. हा दुसरा अर्थ सोशल मीडियाने आणलेला नाही, तो इंग्रजीत सोळाव्या शतकापासून सापडतो. डिकन्सने तर १८६४-६५ मधल्या कादंबरीचं नावच 'अवर म्युच्युअल फ्रेंड' ठेवलं. आता हे खरं की १९०६ साली इंग्रजीच्या शुद्ध वापरावर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी हा प्रयोग अशुद्ध ठरवला होता. तुमचं मत बहुधा तिथूनच झिरपत आलंय. पण लोकांनी तो सोडला नाही, कारण 'कॉमन'ला 'सामान्य', 'हलका' असाही वास येतो. ज्या मित्राची ओळख करून द्यायची, त्यालाच 'कॉमन' कोण म्हणणार?

खरी गडबड आपल्या 'परस्पर'ने केलीय. शाळेत 'म्युच्युअल म्हणजे परस्पर' अशी गाठ बसते आणि सुटत नाही. पण 'परस्पर सहकार्य'मधला परस्पर वेगळा आणि 'त्याने घर परस्पर विकलं'मधला वेगळा; या दुसऱ्यात तर देवाणघेवाण औषधालाही नाही. म्हणजे मराठी शब्दाने दोन अर्थ अंगावर वागवलेले चालतात, इंग्रजीने वागवले की अशुद्ध? आणि 'परस्पर मित्र' कोणी म्हणतं का? 'दोघांच्या ओळखीचा' म्हणतो आपण.

एक चूक मात्र मान्य. 'म्युच्युअल रिस्पेक्ट फॉर ईच अदर' असं उदाहरण मी दिलं होतं. 'म्युच्युअल' आल्यावर 'ईच अदर' नको. दुरुस्त केलंय. चूक कबूल करताना मला कमीपणा वाटत नाही, हेही लक्षात घ्या.

लेखाच्या लांबीबद्दल जे लिहिलंत, त्यात शिरत नाही. लांब वाटला तर अर्ध्यात सोडायची मोकळीक होतीच.

पुढच्या वेळी शंका आली तर आधी विचारा. निकाल परस्पर लावू नका.