चक्रात ‘काहीच खर्च होत नाही’ म्हणे!

परीक्षेच्या तयारीसाठी फॉरवर्ड होणाऱ्या नोट्समध्ये एक तक्ता हमखास दिसतो. त्याचं म्हणणं असं: रेषीय चयापचय मार्गात पदार्थ खर्च होतो, चक्रीय मार्गात काहीच खर्च होत नाही, चक्र एकदा सुरू झालं की आपलं आपण फिरतं, चक्र ऊर्जा देतं, आणि रेषीय मार्ग उलट जात नाही. पहिलं सोडलं तर बाकीची चारही विधानं चुकीची आहेत.

‘काहीच खर्च होत नाही.’ क्रेब्स चक्राच्या, म्हणजे पेशीत अन्नाचं इंधन जाळणाऱ्या चक्राच्या, प्रत्येक फेरीत दोन कार्बनचा असिटिल गट आत येतो आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बाहेर पडतात. इंधन जळतंच. परत मिळतो तो फक्त ऑक्झॅलोअसिटेट, म्हणजे असिटिल गटाला उचलून घेणारा चार कार्बनांचा वाहक. (त्याच फेरीत बाहेर पडणारे कार्बन नुकत्याच आलेल्या असिटिलचे नसतात, ही गंमत तक्त्यात कधीच नसते.)

खरा फरक याच वाहकात आहे. रेषीय मार्गात मधलं एखादं संयुग थोडं जास्त घातलं, तर अंतिम पदार्थ तेवढ्याच प्रमाणात वाढतो. चक्रात चिमूटभर फ्युमरेट (क्रेब्स चक्रातलं एक मधलं संयुग) घातलं, तर त्याला स्वतः जळायला लागेल त्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन वापरला जातो, कारण ते उत्प्रेरकासारखं पुन्हा पुन्हा कामी येतं. हान्स क्रेब्स यांनी 1937 मध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम करताना मॅलोनेट वापरलं. मॅलोनेट सक्सिनेटपासून (हेही चक्रातलंच संयुग) फ्युमरेट बनण्याची पायरी दोन्ही दिशांनी बंद पाडतं. तरीही फ्युमरेट घातल्यावर सक्सिनेट साठत गेलं. फ्युमरेटकडून सक्सिनेटकडे उलट येण्याची सरळ वाट बंद, म्हणजे ते दुसऱ्या बाजूने वळसा घालूनच आलं असणार! चक्राचा पुरावा असा मिळाला. कागदावर गोल बाण काढून नव्हे.

‘आपलं आपण फिरतं.’ पेशी या चक्रातून सतत माल काढून घेते: अल्फा-कीटोग्लुटरेटपासून ग्लुटामेट, सक्सिनिल-कोएपासून हीम, सायट्रेटपासून मेदाम्लं. ही तूट भरली नाही तर चक्र मंदावतं. असिटिल-कोए (असिटिल गट चक्रात आणणारा रेणू) कितीही ओतलं तरी ती भरत नाही, कारण दोन कार्बन आत आणि दोनच बाहेर. म्हणून पायरुवेटपासून (ग्लुकोज तुटून मिळणारं संयुग) थेट ऑक्झॅलोअसिटेट बनवणारं पायरुवेट कार्बॉक्झिलेज हे विकर (एन्झाइम) लागतं. वनस्पती आणि अनेक जीवाणू ग्लायॉक्झिलेट चक्राने (क्रेब्स चक्राची आखूड वाट) कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या दोन्ही पायऱ्या टाळतात आणि मेदापासून साखर बनवू शकतात. आपल्याकडे ती सोय नाही.

‘चक्र ऊर्जा देतं.’ यकृतातलं युरिया चक्र एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खातं. प्रकाशसंश्लेषणात साखर बनवणाऱ्या केल्व्हिन चक्राला कार्बन डायऑक्साइडच्या तीन रेणूंसाठी नऊ एटीपी आणि सहा एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारे रेणू) लागतात. आकाराचा आणि ऊर्जेच्या हिशोबाचा संबंध नाही.

‘रेषीय मार्ग उलट जात नाही.’ ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज तोडणाऱ्या रेषीय मार्गाच्या, 10 पायऱ्यांपैकी सात त्याच विकरांनी उलट चालतात. ग्लुकोज नव्याने बनवताना फक्त उरलेल्या तीन पायऱ्यांना वेगळी विकरं घेऊन वळसा घालावा लागतो. चक्रही उलट फिरतं: हरित गंधक जीवाणू काही वेगळी विकरं वापरून आणि ऊर्जा खर्चून क्रेब्स चक्र उलट्या दिशेने चालवतात आणि कार्बन डायऑक्साइड पकडतात.

आणि मेदाम्लांचं बीटा-ऑक्सिडीकरण, म्हणजे मेदाम्लं टप्प्याटप्प्याने तोडणं, या तक्त्यात कुठे बसवायचं? तिथे त्याच चार अभिक्रिया पुन्हा पुन्हा होतात, पण रेणू दर फेरीला दोन कार्बनांनी आखूड होतो. 16 कार्बनांचं पामिटेट हे मेदाम्ल सात फेऱ्यांत संपतं आणि असिटिल-कोएचे आठ रेणू उरतात. सुरुवातीचा रेणू परत येत नाही, म्हणून ते चक्र नाही. पायऱ्या तर त्याच, म्हणून सरळ रेषाही नाही.