टाळ आधी वाजतो, हात नंतर भेटतात

रात्रीचे दीड वाजलेत आणि मी अजून व्हिडिओ एडिटिंगच्या त्याच टाइमलाइनवर बसलोय. डोकं फिरलंय नुसतं.

सप्ताहातला संध्याकाळचा हरिपाठ आणि त्याला लागून भजन, मिळून ७२ मिनिटं. पुतण्याने मोबाईल स्टँडवर लावून एका दमात शूट केलंय. मृदंगावर आमचे आबा, माझे चुलते, वय ८१. पुढच्या वर्षी आपलं बसणं होणार नाही, असं त्यांनी यंदा सांगूनच टाकलंय. म्हणजे हे परत शूट करायची सोय नाही.

क्लिप इंपोर्ट केली. सुरुवात ऐकली, चोख. शेवटाला गेलो, तोही चोख. आणि मधे कुठेही बोट ठेवा, सगळं विस्कटलेलं! दहाव्या मिनिटाला सव्वा सेकंदाचा फरक, चाळिसाव्याला जवळजवळ पाच सेकंदांचा. टाळकऱ्यांचे हात अजून फूटभर लांब आहेत आणि टाळ खणखणून गेलासुद्धा. आबांचा डावा हात वर उचललेला, पुडीपर्यंत आलेलाही नाही, आणि घुमारा कानात. बरं, हा आवाज बाहेरच्या रेकॉर्डरचा म्हणावा तर तोही नाही. त्याच फोनचा, त्याच फाइलमधला!

पुतण्याला फोन केला तर म्हणतो, "काका, मोबाईलवर तर बरोबर दिसतंय की!"

दिसणारच! तिथेच तर सगळी गोम आहे. फोनवर ३० फ्रेमचं सेटिंग केलं की आपण धरून चालतो, सेकंदाला ३० चित्रं पडणार. तशी ती पडत नाहीत. दिवेलागण झाली, प्रकाश कमी झाला की फोन प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतो आणि चित्रांची संख्या गुपचूप कमी करतो. यालाच व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. आवाज मात्र सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या ठरल्या चालीने चालत राहतो. प्रत्येक चित्राची वेळ फाइलमध्ये लिहिलेली असते. फोनवरचा प्लेअर ती वाचून चित्र दाखवतो, म्हणून तिथे बरोबर दिसतं. माझ्या एडिटिंग सॉफ्टवेअरने ती वेळ वाचलीच नाही. सगळ्या फाइलची सरासरी काढली, २९.९४, आणि त्या मापाने चित्रं एकसारखी मांडून टाकली. उजेडातली पहिली चाळीस मिनिटं खरोखर ३०ची होती, ती ताणली गेली. अंधारातली उरलेली आवळली गेली. म्हणून दोन्ही टोकं जुळतात आणि मधलं भजन वाऱ्यावर.

हे शोधून काढायला माझी अख्खी संध्याकाळ गेली. मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइल उघडल्यावर तिथे एका ओळीत 'व्हेरिएबल' लिहिलेलं दिसलं. म्हणजे माहिती फाइलमध्ये होती! मग इंपोर्ट करतानाच एक सूचना द्यायला काय झालं होतं? डिस्क भरत आली की बोंबलतं, फॉन्ट मिळाला नाही की बोंबलतं, आणि ७२ मिनिटांचा ताल मोडला तर हूं नाही की चूं नाही. इतके पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर आहे हे. संताप येतो तो याचाच.

वर सल्ले देणारे आहेतच. "आवाज थोडा मागेपुढे सरकव." अरे, किती सरकवू? दहाव्या मिनिटाला जुळवला तर विसाव्याला उघडा पडतो. "मग व्हिडिओचा स्पीड थोडा वाढव." एकच टक्केवारी कशी लावणार, फरक सगळीकडे सारखा आहे का? "एवढं कोण बघतंय?" या शेवटच्या वाक्याने तर तळपायाची आग मस्तकात जाते. सगळे बघतात! आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला खटकायला लागतो, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ सालीच नोंदवून ठेवलंय. मागून आला तर सव्वाशेपर्यंत खपतो, कारण वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, ही आपल्या कानाडोळ्यांना जन्माची सवय आहे. उलटं कधी होत नाही. आणि इथे मृदंग पाच सेकंद आधी वाजतोय. ज्याने आयुष्यभर ठेका चुकू दिला नाही, त्या माणसाला पडद्यावर बेताला दाखवू मी?

आता फाइल हँडब्रेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ नव्याने बनवून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकलीय. फ्रेम रेट ३०, आणि खाली 'कॉन्स्टंट', म्हणजे कायम एकच. तिथे 'पीक'वर, म्हणजे नुसत्या कमाल मर्यादेवर, खूण राहिली तर सगळी मेहनत पाण्यात, कारण फ्रेम रेट बदलताच राहतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर हे दोन तासांचं काम आहे, फाइल फुगणार, आणि पुन्हा कॉम्प्रेस झाल्यामुळे चित्र थोडं मऊ पडणार ते वेगळंच. आधीच्या टाइमलाइनवर केलेले ३४ कट गेले. ते सगळे पुन्हा.

आणि शूट करणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो. फोनमध्ये फ्रेम रेट आपोआप बदलणारं सेटिंग असेल तर आधी ते बंद करा. कॅमेरा अ‍ॅपमध्ये फ्रेम रेट आणि शटर हाताने लावता येत असेल तर लावा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, आणि शेवटीही एक, म्हणजे आवाज आणि चित्र जुळतंय का ते तपासता येतं. क्लिप चॅटवरून व्हिडिओ म्हणून ढकलू नका, मूळ फाइल द्या. शिकवायला कोणी येत नाही, हे मलाही कळतं, म्हणूनच पुतण्यावर मी चिडलेलो नाही.

६१ टक्के झालंय. उद्या दुपारी आबा बघायला येणार आहेत.