डोंगा पहिल्याच दिवशी गळला, या तक्रारीवर माझं उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत की 45 हजार मोजून घेतलेल्या डोंग्यात तलावात उतरवल्याबरोबर घोट्याएवढं पाणी भरलं, मिळाला तोही दोन महिने उशिरा, यापेक्षा फायबरची नाव परवडली. माझं चुकलं ते कबूल करतो, पण आधी पाण्याचं बोलू.

डोंगा तुमच्याकडे आला मेच्या पहिल्या आठवड्यात, तुम्ही उतरवला जून संपता संपता. मधले दिवस तो अंगणात उन्हात पालथा होता, तुमच्याच फोटोत दिसतंय. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. त्या उन्हात सागाची फळीसुद्धा आकसते नि सांध उघडते. लाकडी डोंगा उतरवायच्या आधी काठाला दगड टाकून तीन-चार दिवस बुडवून ठेवायचा. फळ्या पाणी पिऊन फुगतात, सांधी मिटतात. वैनगंगेवरचे आमचे ढिवर बांधव उन्हाळाभर कोरडा पडलेला डोंगा असाच भिजवतात.

मग सांधी आधीच घट्ट का नाही ठासल्या, असं विचाराल. सांधीत आम्ही राळ आणि जवसाच्या तेलात भिजवलेली कापसाची वात बोथट पटाशीनं ठोकून भरतो. कोरड्या फळीत ती गच्च ठासली की पावसाळ्यात फुगणाऱ्या फळ्यांना जागाच उरत नाही. त्या एकमेकींना रेटतात आणि खिळे उपटतात. केसभर जागा सोडावी लागते. तेवढं हाताला कळायला मला बाबांजवळ सहा वर्षं लागली.

हे सगळं तुम्हाला सांगायला हवं होतं. टेम्पो आला तेव्हा मी घरी नव्हतो, पोरानं डोंगा चढवून दिला, नंतर मी फोनही केला नाही. ही माझी चूक. दुसरी तुमच्या फोटोत दिसली. मागच्या टोकाजवळ तळाच्या दुसऱ्या सांधीतून वातीचा धागा लोंबतोय. तो उन्हानं सुटलेला नाही. तिथं फळी वाकवताना सांध रुंद झाली होती, जाड वात हवी होती, मी बारीकच भरली. तेवढी जागा भिजवूनही गळेल.

उशीर झाला, खरं आहे. डेपोच्या लिलावातून आणलेला साग चिरल्यावर आतून ओला निघाला. त्याचाच डोंगा मार्चमध्ये दिला असता, तर पहिल्याच उन्हाळ्यात फळी तडकली असती, आणि ती तड कितीही भिजवली तरी मिटत नाही. म्हणून फळ्या सावलीत रचून वाळवल्या.

फायबरला भिजवायची कटकट नाही, हे मान्य. पण ती नाव हलकी, जाळं ओढताना वाऱ्यावर वाहवते. गोसेखुर्दचं पाणी अडल्यापासून भंडाऱ्याकडे नदी रुंद झाली, वारा सुटला की लाटा उठतात, म्हणून मी काठाची फळी चार बोटं उंच घेतो. तुमच्या डोंग्यालाही घेतली आहे, बघा.

रविवारी सकाळी कापूस-राळ घेऊन मी स्वतः येतो, खर्च माझा. तोवर डोंगा काठाला बुडवूनच ठेवा जी. फळ्या पुऱ्या फुगल्यावरच ती सांध किती उरते ते कळेल, आणि मला तेवढीच वात भरता येईल.