पटाशी, बर आणि हातमोजे: चोपड्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग नाही आला, उलट बरं वाटलं की कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की लाकूड कोरण्यावरच्या मागच्या लेखात मी रोटरी बरच्या (मशीनमध्ये गरगर फिरून लाकूड कोरणाऱ्या दातेरी बिटच्या) नावाने नवीन पोरांना उगाच घाबरवतो, तुमच्या आजोबांनी आयुष्यभर पटाशी चालवली ती विनाचष्मा विनामास्क, आणि 'हातमोजे घालू नका' हे तर मी साफ उलटं लिहिलं.

आधी मोज्यांचं बोलू. पटाशी धरताना मोजे घाला, माझं काहीच म्हणणं नाही. पण पटाशी तुम्ही ढकलाल तेवढीच जाते, हात थांबला की ती पण थांबते. बर २५,००० आरपीएमवर म्हणजे सेकंदाला चारशेच्या वर फेरे मारतो, आणि ३ मिमीच्या शँकला, म्हणजे बिटच्या दांड्याला, मोज्याचा एक सुटा धागा अडकला तर सेकंदात जवळजवळ चार मीटर गुंडाळायचा त्याचा वेग आहे, तुम्ही 'अरे' म्हणेपर्यंत बोट बिटजवळ पोचलेलं असतं. साध्या सुती मोज्याचा धागा निदान तुटतो तरी, ते कट-रेझिस्टंट विणलेले मोजे तुम्ही सांगितले ना, त्यांचा धागा तुटतच नाही, तो बोटाला सोबत घेऊन जातो. छोट्या मिनी ग्राइंडरची मोटर अडकल्यावर थांबते एखाद वेळी, जास्त ताकदीचा डाय ग्राइंडर कशाला थांबतोय? त्यापेक्षा लाकूड व्हाइसमध्ये नाहीतर सी क्लॅम्पने आवळा आणि दोन्ही हात मशीनवर ठेवा. लाकूड धरणारा हातच समोर नसेल तर मोजा घालायचा कशाला.

घाबरवतो म्हणता, तर माझाच किस्सा सांगतो. सुरुवातीला मी एक स्वस्तातलं लांब बिट घेतलं, शँक ३ मिमीची आणि माझं कोलेट (मशीनची दांडा आवळून धरणारी पकड) ३.२ चं, म्हटलं आवळलं की झालं. वर खोलवर कोरता यावं म्हणून शँक बाहेर काढून ठेवली, आत जेमतेम ८ मिमी. स्पीड फुल केला, एक सेकंद नीट फिरलं, मग शँक वाकली, मशीन हातात थडथड उडायला लागलं आणि बिट तुटून शेडच्या पत्र्यावर आपटलं. पत्र्याला पोचा आहे अजून. वडील ओट्यावरून ओरडले, "डोया काय फुकटना शेतस का?" (डोळे काय फुकटचे आहेत का?) आणि खरंच त्या दिवशी चष्मा खिशात होता. तेव्हापासून शँकचा निदान दोन तृतीयांश भाग कोलेटच्या आत, कोलेट मापाचंच, आणि नवीन बिट आधी कमी स्पीडवर तोंडापासून लांब धरून फिरवायचं.

आणखी एक, बिट ज्या बाजूला चाकासारखं पळायला बघतं त्याच बाजूला ढकललं की ते लाकडावरून सुसाट सुटतं. म्हणून त्याच्या उलट बाजूने, थोडं थोडं.

आता जिथे तुमचं बरोबर आहे ते. 'धुळीला रुमाल पुरे' असं मी लिहिलं होतं आणि तुम्ही त्यावर हसलात. हसायलाच पाहिजे होतं, ते माझं चुकलं, दुरुस्त करतो. पण मग आजोबांचं उदाहरण तिथे चालत नाही ना भाऊ, पटाशीतून ढलप्या पडतात, बरमधून पिठासारखा भुगा उडतो जो रुमालातून सरळ आत जातो. लाकडाची धूळ आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने) १९९५ मध्येच कॅन्सरकारक गट १ मध्ये टाकलीये, नाकाचा कॅन्सर. सागाच्या भुग्याने तर माझ्या मानेला खाज सुटते. मे महिन्यात जळगावच्या उन्हात एन-९५ लावून काम करणं म्हणजे शिक्षा आहे हे मान्य, म्हणून मी सकाळी सहा ते नऊच कोरतो, आणि कूलर समोर नाही, पाठीमागे ठेवतो, म्हणजे भुगा तोंडावर न येता पुढे जातो.

तुमच्या १२ मिमीच्या गोळ्याबद्दल, म्हणजे गोल डोक्याच्या बिटबद्दल, विचारलंत. तो २५,००० वर फिरवला तर त्याची कड ताशी ५६ किलोमीटरने जाते, आपल्या एसटीच्या स्पीडने, आणि ३ मिमीच्या बिटची तेवढ्याच आरपीएमवर जेमतेम १४ ने. जाड बिटला स्पीड कमी ठेवायचा तो यासाठी. तुमचं लाकूड काळं पडतं म्हणालात, ते स्पीड जास्त झाल्याने किंवा दातात भुगा चिकटल्याने, पितळी ब्रशने साफ करून बघा. आणि अंजनावर शिकू नका हो, ते लाकूड म्हणजे दगड आहे. शिवणीचं लाकूड घ्या, गोळा १०-१२ हजारावर ठेवा, पाकिटावर त्याहून कमी आकडा असेल तर तो, आणि फोटो पाठवा.