आमच्या मानेची मोजदाद

घाटातल्या वळणावर चालकाने मान वळवून पुढचा रस्ता पाहिला, तर त्याचे लक्ष रस्त्यावर आहे की नाही? कोकणात आयुष्यभर एसटी चालवलेल्या कोणालाही हे विचारून पाहावे. आम्हा पार्सल पोहोचवणाऱ्या चालकांच्या पिकअपच्या काचेवर, आरशाला लागून बसवलेल्या कॅमेऱ्याने मात्र याचे उत्तर आधीच ठरवून टाकले आहे: लक्ष विचलित. केबिनमध्ये कर्कश बीप वाजतो, काही सेकंदांची चित्रफीत कुठल्याशा सर्व्हरवर जाते, आठवड्याच्या शेवटी त्या चित्रफितींवरून गुण कापले जातात आणि गुणांच्या पाठोपाठ आमचे पैसे कापले जातात. हे सगळे सुरक्षिततेच्या नावाखाली चालते, याची मला सर्वांत जास्त चीड येते.

मी चिपळूणच्या एका हबमधून, म्हणजे पार्सले वाटणाऱ्या केंद्रातून, गुहागर तालुक्यात पार्सले पोहोचवतो. गाडी माझी, तिचा हप्ता माझा, डिझेल माझे. काम व्हेंडरमार्फत, म्हणजे मधल्या कंत्राटदारामार्फत, मिळते आणि व्हेंडरच्या वर जी कंपनी आहे, तिचे नाव प्रत्येक खोक्यावर असले तरी माझ्या हातातल्या एकाही कागदावर तिची सही नाही. कागदोपत्री मी कोणाचाही कामगार नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे. आजारी पडलो तर तो माझा प्रश्न, टायर फुटला तर तो माझा खर्च. पण मी कुठे पाहिले, पापण्या किती वेळ मिटल्या, ब्रेक किती जोरात दाबला, या सगळ्यावर मात्र त्यांचा हक्क! माझ्या शरीरावर इतकी बारीक नजर ठेवायची असेल, तर माझी जबाबदारीही घ्या.

या यंत्राला एक लेन्स रस्त्याकडे आणि एक आमच्या तोंडाकडे असते. रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशात ते चेहरा पाहते, डोके कोणत्या दिशेला आहे आणि पापण्या किती मिटल्या आहेत हे मोजते, आणि गाडीला बसणारा हिसका सेन्सरने टिपते. सरळ, रुंद, आखीव रस्त्यावर या मोजमापाला काही अर्थ असेलही. शृंगारतळी सोडून वेळणेश्वर-हेदवीकडे वळल्यावर त्याचा काय अर्थ उरतो, हे ज्यांनी ते बसवले त्यांनी एकदा माझ्या शेजारी बसून पाहावे. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, मध्ये जेमतेम एका गाडीचा रस्ता, आणि समोरून एसटी आली की कोणीतरी मागे जायचे. पिकअपच्या मागे मालाचा बंद हौदा असल्याने आतल्या आरशात काहीही दिसत नाही. त्यामुळे खिडकीतून खांद्यापर्यंत बाहेर वाकून, मागचे गटार आणि गडगा पाहत गाडी इंच इंच मागे घ्यावी लागते. तसे केले नाही तर गाडी गटारात जाईल. तसे केले की यंत्र नोंद करते: चालकाचे लक्ष रस्त्यावर नाही.

पावसाळ्यात तर या छळाला सीमाच राहत नाही. गुरे डांबरी रस्त्यावर येऊन बसतात, आणि मुसळधार पावसात वळणापलीकडे बसलेली म्हैस वीस-पंचवीस फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. अशा वेळी ब्रेक दाबला तर ‘हार्श ब्रेकिंग’, म्हणजे जोरात ब्रेक मारल्याची नोंद. मग न दाबता म्हशीवर गाडी घालायची होती का? आतून काच धुरकटली म्हणून फडक्याने पुसली, तर हातातले फडके म्हणजे फोन, अशी नोंद होते. या नोंदीविरुद्ध अर्ज करायची सोय ॲपमध्ये दिलेली आहे, इंग्रजीत, आणि त्यावर येणारे उत्तर प्रत्येक वेळी एकच असते की तपासणीअंती नोंद योग्य आढळली. ही तपासणी कोणी केली, त्याने आयुष्यात कधी आमचा एखादा घाट पाहिला आहे का, हे विचारायला जागाच ठेवलेली नाही.

हे केवळ आमच्याच नशिबी आले आहे असे नाही. अमेरिकेत ॲमेझॉनने २०२१ मध्ये आपल्या कंत्राटदारांच्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये चार लेन्सचे कॅमेरे बसवायला घेतले, तेव्हा तिथल्या चालकांचीही हीच तक्रार होती: दुसऱ्याने गाडी आडवी घातली तरी खूण आपल्या नावावर, बाजूच्या आरशात पाहिले तरी लक्ष विचलित. ज्या त्रुटी तिथे तेव्हाच उघड झाल्या, त्याच आमच्या माथी मारताना आमच्या रस्त्यांचा कोणी विचार केला होता का?

आणि फोन! फोनला हात लावला की दंड, हे मला पूर्ण मान्य आहे. वळणावर फोन कानाला लावणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. पण पुढचा पत्ता कुठे असतो? फोनमध्ये. ओटीपी कुठे टाकायचा? फोनमध्ये. पत्त्यात घर क्रमांक नसतो, ‘अमुक वाडी, मारुतीच्या देवळामागे, पाखाडी उतरून’ एवढेच असते आणि ग्राहकाला विचारल्याशिवाय घर सापडत नाही. अर्ध्या वाटेवर रेंज नसते, म्हणून रेंज येते तिथेच फोन वाजू लागतात, आणि त्यातले निम्मे हबचेच असतात: कुठे पोहोचलात, किती राहिली, अजून तिथेच का? उचलला नाही तर ‘संपर्क होत नाही’ असा शेरा मिळतो, उचलला तर कॅमेरा आहेच. बाजूला थांबून उचलावा, तर घाटात साईडपट्टी नाही आणि थांबलेली मिनिटे ‘विनाकारण थांबा’ म्हणून मोजली जातात. धोपावेच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहणेसुद्धा त्या हिशेबात विनाकारण ठरते, कारण नकाशावर खाडीपलीकडचे दाभोळ गाव समोरच दिसते. रूट आखणाऱ्याला मधली खाडी दिसत नाही, आणि तिथे गेलेली मिनिटे भरून काढायला पुढे गाडी पळवली की वेगाची नोंद पुन्हा आमच्याच नावावर पडते.

अपघात का होतात, हे आम्हा चालकांना कोणी शिकवायला नको. एका माणसाच्या आवाक्याबाहेरची पार्सले गाडीत भरली जातात, सगळी आजच संपली पाहिजेत अशी सक्ती असते आणि न संपलेल्या पार्सलाचे पैसे मिळत नाहीत. अपघातांचे मूळ इथे आहे. सकाळी हबवर माल वेगळा करून गाडीत भरण्यात जो वेळ जातो, तो कोणाच्याही हिशेबात नसतो. गणपतीच्या आधीच्या दिवसांत चाकरमानी मंडळी गावच्या पत्त्यावर वस्तू मागवू लागतात, तेव्हा पहाटे निघालेला चालक रात्री उशिरा, महामार्गावरच्या वळणरस्त्यांमधून वाट काढत परततो. ज्या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत आले, ज्यावर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चिपळुणात बहादूरशेख नाक्यावरच्या बांधकाम सुरू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला, तो हा रस्ता. त्यावर थकलेल्या माणसाच्या पापण्या मिटल्या की यंत्र बीप वाजवते आणि त्याच्या नावावर खूण पडते.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली होती, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीही सांगितली होती. साठ वर्षांपूर्वी, कोणतेही यंत्र नसताना, थकलेल्या चालकाच्या हाती गाडी देऊ नये हे सरकारला कळले होते. आज इंजिन केव्हा सुरू झाले आणि केव्हा बंद झाले याची सेकंदासकट नोंद त्याच कॅमेऱ्यात असते. चालक बारा-तेरा तास रस्त्यावर आहे हे त्या यंत्राला ठाऊक असते. तरीही बारा तास झाले म्हणून हबमधल्या एकाही माणसाच्या कानाशी बीप वाजत नाही, उद्याचा माल कमी होत नाही, रूट आखणाऱ्याचा एक गुणही कापला जात नाही. जांभई देणाऱ्याला पकडायचे आणि जांभई येईपर्यंत राबवणाऱ्याला सोडायचे, याला सुरक्षितता म्हणणे हा उघड खोटेपणा आहे.

कॅमेराच नको असे मी म्हणत नाही. रस्त्याकडे तोंड असलेला कॅमेरा मला हवाच आहे. महामार्गावर एका दुचाकीस्वाराने अचानक आडवे येऊन माझ्या गाडीला धडक दिली, तेव्हा तीच चित्रफीत माझी साक्षीदार होती. ती मी मागितली, लेखी मागितली, आणि ती अंतर्गत वापरासाठी आहे असे मला सांगण्यात आले. दुरुस्तीचा खर्च मी भरला. माझ्याविरुद्ध वापरायची असते तेव्हा जी चित्रफीत काही मिनिटांत व्हेंडरच्या फोनवर येते, ती माझ्या बाजूने बोलणार असली की अंतर्गत कशी होते? झोपेचा इशाराही मला मान्य आहे, त्याने जीव वाचू शकतो. पण तो इशारा चालकाला मिळावा, त्यानंतर अर्धा तास बिनदंड थांबायची मुभा मिळावी. दंडाच्या भीतीने डोळे ताणून बसलेला माणूस गाडी नीट चालवतो, असे ज्याला वाटते त्याने एक रात्र कशेडी घाट उतरून दाखवावा.

आता नवे संमतिपत्र आले आहे, तेही इंग्रजीत. चेहऱ्याची माहिती, आवाज, ठिकाण, सगळे त्यात आहे आणि खाली सहीची जागा आहे. सही केली नाही तर सोमवारपासून रूट नाही, असे सुपरवायझरने तोंडी सांगितले. संमती मोकळ्या मनाने, माहिती देऊन आणि अट न घालता घेतलेली असावी, असे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लिहिले आहे, आणि सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याचा पर्यायही त्यात दिला आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. केबिनमध्ये मी भिजलेला सदरा बदलतो, भाकरी खातो, घरच्यांशी बोलतो. हे कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, मला त्याची प्रत मिळणार की नाही आणि कामाचे तास कोण मोजणार, हे चार प्रश्न मी व्हेंडरकडे मराठीत लिहून दिले आहेत. त्यांची लेखी उत्तरे आल्याशिवाय त्या कागदावर माझी सही होणार नाही, आणि आमच्या हबमधल्या इतर चालकांनीही ती करू नये, असे मी त्या प्रत्येकाला भेटून सांगतो आहे.